उंचीची धास्ती असणाऱ्यांनी बंगल्याला बाहेरून रंग कसा द्यावा

तळमजला आणि वर एक मजला अशा साध्या बंगल्याची बाहेरची उंची जमिनीपासून गच्चीच्या कठड्याच्या माथ्यापर्यंत सुमारे २५ फूट भरते. त्यात जोते २ फूट, दोन मजले प्रत्येकी १० फूट आणि कठडा ३ फूट असा हिशेब असतो. उंचीवर गेल्यावर ज्यांच्या पायांना कंप सुटतो, ते हा २५ चा आकडा ऐकूनच रंगकामाचा विचार सोडून देतात किंवा कधीतरी भलत्या धीराने उधार आणलेल्या शिडीवर चढतात. या दोन्ही गोष्टींची गरज नाही. भिंत २५ फूट उंच असली, तरी रंगवणाऱ्याचे पाय किती उंचीवर असावेत हे आपल्याला ठरवता येते आणि नीट आखणी केल्यास, गच्ची सोडली तर, ते साडेसहा फुटांच्या वर नेण्याची वेळ बहुतेक घरांत येत नाही. ही आखणी कशी करावी, कोणते काम स्वतः करावे आणि कोणते निमूटपणे दुसऱ्याकडे सोपवावे, याचा हा तपशील आहे.

धास्ती आणि चक्कर यांतला फरक

उंचीवर गेल्यावर वाटणारी अस्वस्थता हा केवळ मनाचा दुबळेपणा नसतो. उभे राहताना शरीर किंचित डुलत असते आणि हे डुलणे डोळे, आतला कान व पायांचे स्नायू मिळून सावरत असतात. डोळ्यांना जवळची स्थिर वस्तू दिसत असेल, तर थोडेसे डुलणेही लगेच लक्षात येते. उंचावर मात्र जवळ काही नसते, सर्व वस्तू दूर असतात, त्यामुळे डोळ्यांकडून मिळणारी खबर अपुरी पडते आणि तोल खरोखरच कमी होतो. शिडीवर असताना वर सरकत्या ढगांकडे पाहिले, तर भिंतच अंगावर येते आहे असेही वाटते. यातून एक उपयोगी नियम निघतो: काम करताना नजर हातभर अंतरावरच्या भिंतीवर ठेवावी, खाली पाहू नये आणि आभाळाकडे तर मुळीच पाहू नये.

ही अस्वस्थता वेगळी आणि आजारामुळे येणारी चक्कर वेगळी. अंथरुणातून उठताना किंवा मान वर करताना ज्यांना घर फिरल्यासारखे वाटते, ज्यांना आतल्या कानाचा त्रास आहे, ज्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या नुकत्याच बदलल्या आहेत किंवा ज्यांची साखर अचानक उतरते, त्यांनी शिडीच्या पहिल्या पायरीवरही पाय ठेवू नये. रोलरच्या लांब दांड्याने काम करताना मान सतत वर करावी लागते, म्हणून अशांनी जमिनीवरूनही वरचा पट्टा रंगवू नये, खालचे सात फूट आपले मानावेत. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह नंबरचा चष्मा असलेल्यांना खाली पाहताना पायरी असते तिथे दिसत नाही, तेव्हा चढाउतरण्यासाठी दूरचा साधा नंबर असलेला चष्मा वापरावा. संकष्टी असो वा एकादशी, उपवासाच्या दिवशी चढायचे काम काढू नये. सणाआधी रंग आटोपण्याच्या घाईत हे हमखास विसरले जाते.

आधी घराचा नकाशा, मग रंगाचा डबा

कामाची सुरुवात कागदावर होते. घराच्या चारही बाजूंची साधी रेखाकृती काढावी आणि तिच्यावर दोन आडव्या रेघा माराव्यात, एक जमिनीपासून १५ फुटांवर आणि दुसरी २२ फुटांवर. साडेपाच फूट उंचीचा माणूस १२ फुटांपर्यंत लांबणारा दांडा छातीपाशी धरून उभा राहिला, तर त्याचा रोलर १५ ते १६ फुटांपर्यंत पोहोचतो. म्हणजे पहिल्या रेघेखालची भिंत, जी एकूण उंचीच्या निम्म्याहून बरीच अधिक आहे, जमिनीवर दोन्ही पाय ठेवून रंगवता येते. एच फ्रेमच्या, म्हणजे एच आकाराच्या लोखंडी चौकटी जोडून उभ्या केलेल्या टॉवरच्या, एका टप्प्यावर, सुमारे साडेसहा फुटांवर, कठडा लावलेल्या फळ्यांवर उभे राहिल्यास तोच दांडा २२ फुटांच्या आसपास जातो. उरतो तो गच्चीचा तीन फुटी कठडा, आणि त्याची बाहेरची बाजू गच्चीवर उभे राहून वरून खाली रंगवता येते.

या रेखाकृतीवर अडचणीच्या जागाही दाखवाव्यात. भिंतीची पाहणी शिडीवरून करण्याचे कारण नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून किंवा साध्या दुर्बिणीने भेगा, सुटलेले पोपडे, ओलीचे डाग, भेगेत उगवलेला पिंपळ, हे सर्व खालून दिसते. सकाळी किंवा संध्याकाळी उन्हाची तिरीप भिंतीवर पडते तेव्हा भेगा अधिक ठळक दिसतात. शेजाऱ्यांच्या गच्चीवरून त्यांच्या परवानगीने फोटो काढले, तर छज्ज्यांचा माथाही पाहून होतो.

दोन गोष्टी मात्र पाहणीत सुटता कामा नयेत. पहिली म्हणजे वीज. खांबावरून मीटरकडे येणारी सर्व्हिस वायर कोणत्या भिंतीला लागते, तिचे आवरण कुठे उसवले आहे का, घराजवळून उघड्या तारा जातात का, हे पाहावे. ॲल्युमिनियमची शिडी, ॲल्युमिनियमचा दांडा आणि ओला बांबू या तिन्हींतून वीज वाहते, शिवाय दांडा वर धरून मागे सरकणाऱ्याची नजर रोलरवर असते, तारेवर नसते. उघड्या तारांपासून किमान १० फूट अंतर राखावे आणि ते राखता येत नसेल, तर महावितरणच्या कार्यालयात अर्ज करून तेवढ्या कामापुरता पुरवठा बंद करून घ्यावा. अशा भिंतीसाठी फायबरग्लासची शिडी आणि फायबरग्लासचाच दांडा वापरावा, पण तेवढ्याने अंतराचा नियम सैल होत नाही.

दुसरी म्हणजे मोहळ. वरच्या मजल्याच्या छज्ज्याखाली आग्या माश्यांचे पोळे लटकलेले असणे आपल्याकडे नवे नाही. त्या माश्या डिवचल्या गेल्यास थव्याने हल्ला करतात, आणि उंचावर उभ्या असलेल्या माणसाला पळायला जागा नसते. पोळे असेल तर ती भिंत कामातून वगळावी, जाणकार माणसाकडून ते हलवून घ्यावे किंवा माश्या स्थलांतर करून जाईपर्यंत थांबावे. धूर करून आपणच प्रयोग करू नयेत.

रंगसंगती ठरवताना उंचीचा विचार

रंगाच्या दुकानातली पुस्तिका चाळताना कोणी हा विचार करत नाही, पण धास्ती असणाऱ्याने तो आवर्जून करावा. दोन रंग जिथे भेटतात तिथे सरळ रेघ लागते, रेघेसाठी ब्रश लागतो आणि ब्रशसाठी हात भिंतीच्या जवळ लागतो. कठड्याला वेगळी पट्टी, वरच्या खिडक्यांना गडद चौकट, छज्ज्याच्या कडेला पांढरी रेघ, या सगळ्या हौशी उंचीवर नाजूक काम मागतात. म्हणून १० फुटांच्या वर एकच रंग ठेवावा, छज्जेही त्याच रंगात घ्यावेत आणि वेगळ्या रंगाची हौस जोते, पोर्च, प्रवेशद्वाराची भिंत अशा हाताशी असलेल्या जागी भागवावी. माझ्या मते असे घर दिसतेही अधिक नेटके.

रंगाचा प्रकार निवडतानाही हेच सूत्र लागू होते. सिमेंट पेंट स्वस्त असतो, पण तो कालवल्यावर थोड्याच तासांत वापरावा लागतो आणि दिल्यानंतर भिंतीवर पाणी मारावे लागते. दांड्याच्या टोकावरून सावकाश काम करणाऱ्याला ही घाई परवडत नाही. त्याऐवजी बाहेरच्या भिंतींसाठीचे ॲक्रिलिक इमल्शन घ्यावे. त्यातही चांगल्या प्रतीचे घेणे शहाणपणाचे आहे, कारण जो रंग अधिक वर्षे टिकेल तो पुन्हा चढण्याची वेळ लांबवेल. ३० बाय ४० फुटांच्या घराचा परीघ १४० फूट होतो. २५ फूट उंचीने त्याचे ३,५०० चौरस फूट झाले आणि दारे-खिडक्या वजा जाता सुमारे ३,००० उरले. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांसाठी, म्हणजे दोन थरांसाठी, लिटरमागे ५० ते ६० चौरस फूट धरल्यास ५० ते ६० लिटर रंग लागतो, खडबडीत प्लास्टरवर त्याहून अधिक. सर्व डबे एकाच बॅचचे घ्यावेत आणि ते मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यावेत, म्हणजे भिंतीच्या मध्यावर छटा बदलत नाही.

मुहूर्त पावसाचा

नवरात्र-दिवाळीच्या आधी रंग व्हावा अशी घरोघरी इच्छा असते, पण पावसाळा संपून भिंत वाळल्याशिवाय रंग देण्यात अर्थ नाही. घाटावर ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून काम सुरू करता येते, कोकणात मात्र नोव्हेंबर उजाडू द्यावा. भिंतीची ओल पाहण्यासाठी हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करावा आणि एक दिवसाने काढून पाहावा. आतून पाण्याचे थेंब दिसले, तर आणखी थांबावे. नवे प्लास्टर असल्यास ते पाणी मारून पक्के झाल्यानंतरही पुरेसे वाळू द्यावे लागते, तिथे घाई केल्यास चुन्याचा क्षार रंग खातो.

दिवसातली वेळही महत्त्वाची आहे. तापलेल्या भिंतीवर रंग ओढताओढता वाळतो आणि पट्टे उमटतात, शिवाय डोळ्यांवर ऊन आले की उंचीची धास्तीही वाढते. त्यामुळे सकाळी पश्चिमेची भिंत आणि दुपारनंतर पूर्वेची भिंत घ्यावी, म्हणजे आपण सतत सावलीत राहतो. थंडीच्या दिवसांत सकाळी भिंतीवर दव असते, ते सुकल्यावरच हात लावावा. किनाऱ्याच्या गावांत दुपारनंतर खारा वारा सुटतो, त्या वेळी टॉवरवरचे काम थांबवून खालचे काढावे.

साहित्य

इमल्शनसाठी ९ इंची, मध्यम लव असलेला रोलर आणि ज्याच्या मुठीत दांडा फिरवून घट्ट बसतो अशी रोलरची चौकट घ्यावी. दांडा खरेदी करताना तो पूर्ण लांब करून दुकानातच आडवा धरून पाहावा. टोकाला रोलर लावल्यावर तो फार वाकत असेल किंवा त्याची आट घसरत असेल, तर घेऊ नये. १६ फुटी दांडे मिळतात, पण ते वरच्या टोकाला इतके हेलकावतात की रंग भिंतीपेक्षा आपल्या अंगावर अधिक पडतो. दांड्याच्या टोकाला कोन बदलता येणारी पकड, तिच्यात बसणारा चार इंची ब्रश, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर लावायचे पॅड एवढे असले, की बरीच तयारीही खालूनच होते. डोळ्यांसाठी गॉगल, डोक्याला टोपी, तळवा न घसरणारे कॅनव्हासचे बूट हवेत. रंगारी अनवाणी चढतात ते सवयीवर, त्यांचे अनुकरण करू नये, आणि चपला घालून तर नाहीच नाही.

भिंतीची तयारी

रंग किती टिकेल हे बहुतांशी तयारीवर ठरते, आणि उंचीची धास्ती असणाऱ्याची खरी कसोटीही इथेच लागते, कारण रोलर दूरून चालतो पण भेग दूरून भरता येत नाही.

प्रथम भिंत धुवावी. प्रेशर वॉशर भाड्याने मिळाल्यास लांब नळी लावून जमिनीवरूनच वरपर्यंत फवारा जातो. फवारा खिडक्यांच्या फटींत, विजेच्या पेट्यांवर आणि भेगांत थेट मारू नये, आणि शिडीवर उभे राहून तर तो कधीच चालवू नये, कारण त्याचा मागे बसणारा धक्का तोल घालवतो. उत्तरेच्या भिंतीवर पावसाळ्यात धरलेले काळे-हिरवे शेवाळ नुसत्या पाण्याने जात नाही. ब्लीचिंगचे पातळ द्रावण बागेच्या फवारणी पंपाने मारून पंधरा-वीस मिनिटांनी घासावे आणि स्वच्छ धुवावे. ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करायचे द्रव मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

भिंत वाळल्यावर तळवा फिरवून पाहावा. हाताला पिठासारखी पांढरी भुकटी लागली, तर जुना रंग मेलेला आहे. ती भुकटी तारेच्या ब्रशने घासून काढल्याशिवाय वरचा रंग धरत नाही. खालचे सात फूट हाताने आणि त्यावरचे दांड्याला लावलेल्या ब्रशने घासावे. खिडक्यांच्या लोखंडी गजांवर जुना ऑइल पेंट असेल, तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसे असण्याचा संभव आहे. अशी जागा ओली करून घासावी, तोंडाला मास्क लावावा आणि मुलांना लांब ठेवावे.

आता भेगा. केसासारख्या भेगांवर घट्ट प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात बऱ्याचदा पुरतात. नख जाईल एवढी भेग मात्र व्ही आकारात खरवडून, धूळ झाडून, क्रॅक फिलरने भरावी लागते आणि सुटलेले प्लास्टर ठोकून काढून नव्याने करावे लागते. हे काम १५ फुटांच्या वर निघाले, तर ते स्वतः करू नये. परांची बांधून गवंडी किंवा रंगारी लावावा आणि एकदा परांची उभी राहिलीच, तर वरच्या पट्ट्याचा रंगही त्याच्याकडूनच करून घेणे बहुधा स्वस्त पडते. पाहणीत वर भेगाच भेगा दिसल्या असतील, तर या लेखातला टॉवरचा भाग तुमच्यासाठी नाही, खालचा भाग तेवढा तुमचा.

बाहेरच्या भिंतीवर सरसकट लांबी (पुट्टी) भरण्याची पद्धत पडली आहे. जिथे पाऊस झोडपतो तिथे मी तिच्या विरुद्ध आहे. लांबीचा थर पाणी धरतो आणि दोन पावसाळ्यांत पोपड्यांनी सुटतो. जिथे खड्डा आहे तिथेच, आणि बाहेरच्या वापरासाठीचीच लांबी भरावी.

एच फ्रेमचा टॉवर

स्लॅबचे सेंट्रिंग साहित्य भाड्याने देणाऱ्यांकडे एच फ्रेम मिळतात. दोन फ्रेम, त्यांना जोडणाऱ्या तिरक्या कैच्या, वर टाकायच्या लोखंडी फळ्या, कठड्याचे पाइप आणि तळाला पट्ट्या किंवा ब्रेक असलेली चाके असा संच मागावा. बहुतेक दुकानदार कठड्याचे पाइप देत नाहीत, कारण ते कोणी मागतच नाही. ते मागूनच घ्यावेत. कठडा फळ्यांपासून साधारण एक मीटर उंच, मध्ये आणखी एक आडवा पाइप आणि पायाशी सहा इंची फळी, एवढे असले की उभ्या राहणाऱ्याला चारही बाजूंनी हाताला काहीतरी लागते. धास्ती असणाऱ्याला शिडीपेक्षा टॉवर सुसह्य वाटतो तो यामुळेच: पाय सपाट असतात, पाठीमागे आधार असतो आणि तोल सावरण्यासाठी डोळ्यांना जवळची वस्तू मिळते.

टॉवर उभा करण्यापूर्वी जमीन पाहावी. देशावर घराभोवतीची मोकळी जागा पुष्कळदा काळ्या मातीची असते. ती वरून कोरडी दिसली तरी पायाखाली दबते, आणि बागेला पाणी दिलेले असेल तर एकच पाय खचून अख्खा टॉवर कलतो. प्रत्येक पायाखाली जाड, रुंद फळी टाकावी, विटांचे तुकडे टाकू नयेत. पाणसळ लावून टॉवर सरळ आहे याची खात्री करावी. उघड्यावर टॉवरची उंची पायाच्या कमीत कमी रुंदीच्या तिपटीहून अधिक असू नये, आणि एका टप्प्याच्या टॉवरला हा नियम सहज पाळता येतो. वर माणूस असताना टॉवर ढकलू नये, मग तो दोनच फूट सरकवायचा असला तरी. चढायचे ते आतल्या बाजूने, बाहेरच्या कैचीवरून नाही.

खाली दिसू नये म्हणून कमरेच्या उंचीपर्यंत हिरवी जाळी बाहेरून बांधली, तर मनाला बराच आराम पडतो. पूर्ण उंचीची जाळी मात्र बांधू नये, ती वारा धरते.

चढण्याचा सराव

पहिल्या दिवशी रंगाला हात न लावता सराव करावा. टॉवरच्या पहिल्या पायरीवर उभे राहून श्वास सावकाश होईपर्यंत थांबावे आणि उतरावे. मग दुसऱ्या पायरीवर, आणि अशा क्रमाने फळ्यांपर्यंत जावे. फळ्यांवर गेल्यावर कठडा दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावा, कारण वस्तू पक्की आहे हे हाताला कळले की मन लवकर मानते. मग कोरडा रोलर दांड्याला लावून भिंतीवर फिरवावा. धडधड कमी होण्याऐवजी वाढतच असेल, हातांना घाम सुटून पकड निसटत असेल, तर त्या दिवशी नव्हे, त्या घरापुरताच निर्णय घ्यावा की टॉवरवरचे काम दुसरा करील. त्यात कमीपणा नाही.

मदतनीस समजूतदार हवा. त्याचे काम टॉवरचा पाय सोडून न जाणे आणि वरच्याशी शांत आवाजात बोलणे. अंगणात जमलेल्या मंडळींनी “अरे सांभाळून!”, “खाली बघू नकोस!” असा गलका केला की माणूस हमखास खाली पाहतो. वर असताना अचानक थिजल्यासारखे झाले, तर हातातले साहित्य फळीवर ठेवावे किंवा खाली कोणी नसल्याची खात्री असेल तर सोडून द्यावे, दोन्ही हातांनी आधार धरावा, समोरच्या भिंतीवरचा एक खडा निवडून त्यावर नजर ठेवावी आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा. नंतर मदतनिसाने “उजवा पाय खाली, अजून थोडा, टेकला” असे सांगत एकेक पायरी उतरवावे.

शिडी लागलीच तर

शिडीचे काम जेवढे टाळता येईल तेवढे टाळावे. छज्ज्याखालचा कोपरा, दिव्याची चौकट अशा किरकोळ जागांसाठी ती लागते. टेकवायच्या शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर असावा, म्हणजे शिडी १२ फुटांवर टेकत असेल तर पाय ३ फुटांवर. चढताना दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात सतत टेकलेले असावेत, म्हणून डबा हातात घेऊन चढू नये. लिटरभर रंग छोट्या डब्यात घेऊन तो आकड्याने शिडीला अडकवावा. वरच्या तीन पायऱ्या आपल्या नव्हेत. बेंबी शिडीच्या दोन खांबांच्या बाहेर गेली की तोल गेलाच समजावे, तेव्हा हात लांबवण्याऐवजी खाली उतरून शिडी सरकवावी.

छज्ज्यावर उभे राहू नये, हे इतके साधे वाक्य असूनही स्वतंत्रपणे सांगावे लागते. जुन्या छज्ज्यांतल्या सळ्या गंजून काँक्रीट फुगलेले असते आणि खालून पोपडा सुटलेला दिसत असेल तर तो मांजराचेही वजन पेलेल याची खात्री नसते.

रंग चढवण्याचा क्रम

सुरुवात मागच्या भिंतीपासून करावी, तिथे हात बसेपर्यंत होणारे डाग रस्त्यावरून दिसत नाहीत. प्रत्येक भिंतीवर मात्र वरून खाली यावे, कारण ओघळ खालीच येतात.

सर्वांत आधी कठडा. कठडा कमरेइतका किंवा त्याहून उंच असेल तरच गच्चीवरून काम करावे. दोन्ही पाय गच्चीवर सपाट ठेवून, पोट कठड्याला टेकवून, कोन बदलणाऱ्या पकडीत रोलर अडकवलेला आखूड दांडा बाहेरून खाली सोडावा आणि ओढत वर आणावा. छाती कठड्याबाहेर काढायची नाही, टाचा उचलायच्या नाहीत. भिंत स्वतःला दिसत नाही, म्हणून मदतनिसाने समोर उभे राहून फोनवरून “डावीकडे हातभर राहिले” असे सांगावे. अशा आंधळ्या कामातही वरच्या छज्ज्याच्या माथ्याजवळची, खालून कधीच न दिसणारी पट्टी साधता येते. कठडा कमरेपेक्षा बुटका असेल किंवा जिन्याची खोली गच्चीच्या कडेला लागून उभी असेल, तर ती बाजू सोडून द्यावी.

मग टॉवरवरून मधला पट्टा आणि शेवटी जमिनीवरून खालचा. दांड्याने रंग देताना भिंतीपासून चार-पाच फूट मागे, एक पाय पुढे ठेवून उभे राहावे. रोलर ट्रेच्या जाळीवर नीट निथळून घ्यावा आणि भिंतीवर पहिला फेरा खालून वर मारावा, म्हणजे जादा रंग अंगावर गळत नाही. जोर हातांनी लावू नये, शरीराचे वजन पुढे झुकवून लावावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. तीन-चार फूट रुंदीचा उभा भाग पूर्ण करून, त्याची कड ओली असतानाच शेजारचा घ्यावा. मानेसाठी दर अर्ध्या तासाने जोत्याचे किंवा खिडकीखालचे काम करावे.

बाहेरच्या प्रायमरचा एक आणि इमल्शनचे दोन हात द्यावेत. पाणी किती घालायचे ते डब्यावर छापलेले असते आणि ते पाळावे, पातळ रंग दांड्यावरून सोपा जातो म्हणून अंदाजाने पाणी वाढवू नये. दोन हातांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्यावेत. दोन माणसांनी दिवसात एका भिंतीचा एक हात करावा, त्याहून अधिक मागू नये, कारण दमलेला माणूस कठड्याबाहेर हात लांबवतो.

दुसऱ्याला काम देताना

जे काम आपल्याला भीतीने करवत नाही, ते दुसऱ्याने एका बांबूवर पाय आणि एका दोरीवर हात ठेवून करावे अशी अपेक्षा धरणे बरे नव्हे. ठेका देतानाच विचारावे: परांची कोण बांधणार, ती भिंतीला कशी आवळणार, पट्टे आणि शिरस्त्राणे कोण आणणार, कामगारांचा विमा आहे का. परांची आणि शिड्यांच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३६९६, तर पडण्यापासून वाचवणाऱ्या पट्ट्यांसाठी आयएस ३५२१ हे भारतीय मानक आहे, आणि पट्ट्यावर तो क्रमांक छापलेला असतो. नुसत्या कमरेच्या पट्ट्याने पडणाऱ्याचा कणा दुखावतो, खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा पट्टा हवा. त्याची दोरी काँक्रीटच्या खांबाला बांधावी, टाकीच्या पाइपला, डिशच्या खांबाला किंवा गच्चीच्या लोखंडी रेलिंगला नाही. या सामग्रीमुळे ठेक्याची रक्कम वाढते, आणि जो ठेकेदार ती वजा करून स्वस्तात काम देतो त्याला काम देऊ नये.

टॉवर परत पाठवण्याआधी पाहणी करावी. रंग पूर्ण वाळल्यानंतरच्या सकाळी, तिरप्या उन्हात, रस्त्याच्या पलीकडून प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, मोठा करून पाहावा आणि राहिलेल्या जागा सुरुवातीच्या रेखाकृतीवर खुणावाव्यात. बहुतेक वेळा त्या खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यांत आणि छज्ज्यांच्या खालच्या बाजूला सापडतात. तेवढ्या जागा दांड्याच्या टोकाला ब्रश लावून भराव्यात, आणि उरलेला रंग झाकण घट्ट लावून, डब्यावर शेड क्रमांक व तारीख लिहून, सावलीत ठेवावा.